सतरा नंबरचा कोंबडा

कुणी कोंबडा मागितला की तो खायलाच मागतो, हे आमच्या घरात गृहीत होतं. कारण सरळ होतं. आम्हाला कुणी कोंबडा दिला असता तर आम्हीही तेच केलं असतं. दर रविवारी आमच्याकडे रस्सा व्हायचा. आई वऱ्हाडातली. तिच्या हाताला तिखटाचा अंदाज नव्हता की तिला दयामाया नव्हती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी यायचं आणि दुसऱ्या घासासाठी हात आपोआप पुढे जायचा. अशा घराच्या परसात एक पांढराशुभ्र, धष्टपुष्ट कोंबडा दोन पायांवर सुखाने फिरत होता, आणि त्याला सांभाळायला नेतो असं कुणी म्हटलं की आम्ही चौघंही त्या माणसाच्या डोळ्यांत रोखून बघायचो. त्याच्या मनातलं आम्हाला लख्ख दिसायचं, कारण ते आमच्या ओळखीचं होतं.

आमचं घर हडपसरच्या पुढे, एका कारखान्यातल्या कामगारांनी मिळून बांधलेल्या बारा रो-हाउसच्या सोसायटीत होतं. प्रत्येक घरामागे दोन खाटा मावतील एवढं परस. आमच्या परसात एक शेवग्याचं झाड, धुण्याचा दगड आणि बाबांनी कारखान्याच्या पॅकिंगच्या फळ्यांपासून ठोकलेलं खुराडं. सकाळी आई मेणबत्ती लावून वंदना म्हणायची, आत कुकर शिट्ट्या द्यायचा, शेजारच्यांचा पंप घरघरायचा, आणि या सगळ्यावर गुलाबची बांग. ती सुरुवातीला ताठ चढायची आणि शेवटी घोगरी होऊन मोडायची, जणू त्याला मध्येच काहीतरी आठवलं. हजार कोंबड्यांत ती ओळखू आली असती. हल्ली मी चौदाव्या मजल्यावर राहते आणि माझ्या फोनमध्ये गजराला कोंबड्याचाच आवाज आहे. तो रोज अगदी एकसारखा आरवतो, म्हणून मला तो पहिल्यापासून खोटा वाटतो.

पांढऱ्या कोंबड्याचं नाव गुलाब कसं, तर तो आला तेव्हा गुलाबी होता. आणि तो आला मंदाताईमुळे. माझी थोरली बहीण मंदाताई एका सकाळी सासरहून एक बॅग घेऊन आली आणि म्हणाली, "चार दिवस राहते." त्या चार दिवसांचे पुढे कित्येक महिने झाले. मनगटाच्या आतल्या बाजूला तिच्या एक भाजल्याचा डाग होता. तवा लागला, असं ती म्हणाली. तवा मनगटाच्या आतल्या बाजूला कसा लागतो, हे घरात कुणी विचारलं नाही. मी मनात विचारलं, आईने भांडी घासताना विचारलं असावं, कारण त्या दिवशी भांड्यांचा आवाज फार झाला. ताई दिवसभर भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायची आणि काही मागायची नाही. कढी वाढू का म्हटलं तर "चालेल", नको का म्हटलं तरी "चालेल". मग एक दिवस सायकलवरून रंगवलेली पिल्लं विकणारा आला. हिरवी, जांभळी, गुलाबी, एका टोपलीत चिवचिवणारी. ताई फाटकापाशी गेली आणि एक गुलाबी पिल्लू ओंजळीत घेऊन आत आली. बाबांनी चष्मा वर सरकवून पिल्लाकडे बघितलं. "हे सगळे नर असतात," ते म्हणाले. "अंडी द्यायच्या कामाचे नाहीत म्हणून उबवणी केंद्रातून काढून टाकलेले. रिजेक्शनचा माल आहे हा, मंदे." ताई म्हणाली, "असू दे. मला हाच पाहिजे." कित्येक महिन्यांत तिने काही पाहिजे म्हटलेलं ते पहिलंच वाक्य होतं, त्यामुळे पिल्लू राहिलं.

बाबांना माल ओळखता यायचाच. तीस वर्षं त्यांनी इन्स्पेक्शनमध्ये काढली होती. ज्या भागाला भोक पाडलंय त्यात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून बघायचं. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बरोबर असेल तर हिरवा टॅग, नसेल तर लाल, आणि टॅगवर इन्स्पेक्टरचा शिक्का. प्रत्येकाच्या शिक्क्याला नंबर असायचा. बाबांचा सतरा. पुढे कारखान्यात मोजमाप करणारं कॉम्प्युटरचं यंत्र आलं आणि बाबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यात स्वेच्छा कुणाची होती ते विचारायची सोय नव्हती. येताना ते सतरा नंबरचा शिक्क्याचा पंच आणि लाल-हिरव्या टॅगचे गठ्ठे घरी घेऊन आले. घरी बसून माणूस काय तपासणार? दूधवाल्याचं माप, रद्दीवाल्याचा काटा, माझ्या कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट. कशावर खरंच शिक्का मारलाय की छापलाय, हे ते उजेडात धरून बघायचे. माझा क्लास त्यांना शेवटपर्यंत संशयास्पद वाटला, आणि तो क्लास पुढे एका रात्रीत बंद झाला, तेव्हा त्यांना झालेला आनंद त्यांनी लपवलाही नाही.

एक गोष्ट मात्र घरात कुणी काढत नसे. ताईचं स्थळ बघायला बाबा गेले होते तेव्हा मुलाकडच्यांनी त्यांना थेट वर्कशॉपमध्ये नेलं होतं. मुलाचं स्वतःचं वर्कशॉप, त्यात लोखंड कातायच्या दोन लेथ. बाबांनी लेथच्या बेडवरून बोटं फिरवली, चक हाताने फिरवून बघितला, कान लावून बेअरिंगचा आवाज ऐकला आणि घरी येऊन म्हणाले, "मशीन एक नंबर ठेवलंय. माणूस काळजी घेणारा आहे." लग्न झाल्यावर कळलं की वर्कशॉप मुलाच्या मित्राचं होतं, त्या एका दिवसापुरतं मागून घेतलेलं. मशीन खरोखरच चांगलं होतं. बाबांचं निदान चुकलं नव्हतं.

तर सोसायटीत दिवस पालटत होते. बाबांबरोबर निवृत्ती घेतलेल्यांनी घरं विकली आणि त्यांत कॉम्प्युटरवाली तरुण मंडळी आली. आमच्या भिंतीला भिंत लागून निखिल आणि त्याची बायको. गोड स्वभावाचा मुलगा. अमेरिकेच्या घड्याळावर काम करायचा आणि पहाटे झोपायचा, म्हणजे गुलाब उठायच्या वेळी. तो आला तोच हात जोडून. "काका, प्लीज रागावू नका, पण माझे कॉल्स चारला संपतात. आय मीन, मी जस्ट झोपतो आणि हा स्टार्ट होतो." बाबांनी त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर म्हणाले, "हा एवढा नम्र का आहे?" नम्रपणाचीही त्यांना शंका यायची. सेक्रेटरी पाध्येकाका मात्र नम्र नव्हते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले, "सकाळी आम्हीही उठतो. पण उठलो हे आम्ही कुणाला सांगत नाही. आपण त्याची सोय महिन्याभरात दुसरीकडे लावावी, ही विनंती. विनंतीच समजा." टाळ्या पडल्या. ताई मागच्या दाराशी उभी होती. त्या दिवसापासून तिने पुन्हा "चालेल" म्हणायला सुरुवात केली, आणि आईने मला स्वयंपाकघरात ओढून म्हटलं, "कोंबडा गेला तं गेला, पण हे पोट्टी पुन्हा मुकी होऊन बसन. चांगलं घर पाह्य म्हनाव बाबाले." मलाही तीच भीती वाटत होती. गुलाब चुलीत गेला असता तर ताईला आम्ही दुसऱ्यांदा फसवलं असतं, इतकं ते सरळ होतं.

बाबांनी लाल-हिरवे गठ्ठे काढले. पहिला आला कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. "द्या की काका. पोरं खेळतील त्याच्याशी." बाबांनी विचारलं, "घरी जागा किती?" "एक खोली." "मग हा राहणार कुठे?" इस्त्रीवाला गुलाबकडे बघत राहिला, म्हणजे नेमकं सांगायचं तर गुलाबच्या मांड्यांकडे. बाबांनी आत येऊन लाल टॅग भरला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: उत्तर द्यायला वेळ लागला. मग पाध्येकाकांच्या मेहुण्यांचं पानशेतच्या बाजूचं ठिकाण, जिथे शहरातली माणसं शनिवार-रविवार गाव बघायला यायची. बैलगाडी होती, विहीर होती, विटीदांडू होता, फक्त कोंबडा नव्हता. बाबा, ताई आणि मी बसने बघायला गेलो. तिथला मॅनेजर फार गोड बोलला. "सर, अगदी निर्धास्त राहा. आमच्याकडे तो घरच्यासारखा राहील." बाहेर पडताना बाबांनी मला फाटकावरची पाटी वाचायला लावली. वर लिहिलं होतं, 'या, गावाच्या कुशीत.' खाली लिहिलं होतं, 'चुलीवरचा गावरान रस्सा मिळेल.' घरी आल्यावर हे ऐकून आई म्हणाली, "तेबी असंच म्हनत होते. पोरीवानी ठेवू." मग तिच्या लक्षात आलं की ताई शेजारीच बसलीय, आणि ती उगाच लसूण सोलायला लागली. असे नऊ जण झाले. लाल टॅग संपत आले. हिरव्यांच्या गठ्ठ्याचा रबरही अजून निघाला नव्हता.

शेवंताबाई ही दहावी. ती मांजरीहून भाजी घेऊन हडपसरच्या मंडईत बसायची आणि आई तिच्याकडून मेथी घ्यायची. उंच, काळीसावळी बाई, कपाळावर मोठं कुंकू, आणि बोलताना समोरच्याच्या नव्हे तर स्वतःच्या भाजीच्या ढिगाकडे बघायची. आईने विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "मला नर पायजेच हाय. आधीचा मुंगसानं नेला." बाबाही आईसोबत होते. त्यांनी लगेच विचारलं, "खाणार नाही ना?" शेवंताबाईने मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडलं. "खानार न्हाई म्हनून शपथ कशी घिऊ? कोंबडा हाय त्यो. माज्या कोंबड्यांत नांदला तर ऱ्हाईल. पर कापायची येळ आलीच, तर आधी तुमच्या दारात यिऊन सांगीन, मग कापीन." बाबा तिथून निघालेच. घरी येऊन त्यांनी लाल टॅग काढला. "ही तर तोंडावर कबूल करते!" तेव्हा ताई खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "हिलाच द्यायचा."

"का?" बाबांनी विचारलं.

"बाकीचे नऊच्या नऊ खाणार नाही म्हणाले," ती म्हणाली.

निखिलने आपल्या नव्या मॉनिटरचं खोकं आणून दिलं. त्याला भोकं पाडून गुलाबला आत बसवलं आणि बाबा, ताई आणि मी मांजरीची बस पकडली. खोक्यावर मॉनिटरचं चित्र होतं. बस निघताच आतून मोडकी बांग आली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काका, कॉम्प्युटर परत करा. उठलाय तो." सगळी बस हसली, ताईसुद्धा ओठ दाबून हसली. बाबा हसले नाहीत. ते खिडकीतून उसाच्या शेतांकडे आणि शेतांमध्ये उभ्या राहिलेल्या इमारतींच्या सांगाड्यांकडे बघत होते आणि यातला किती ऊस उद्या राहणार, याचीही त्यांना शंका वाटत असावी. ती बरोबर निघाली. त्यातल्याच एका इमारतीत आज मी राहते.

शेवंताबाईचं घर उसाच्या कडेला होतं. समोर सारवलेलं अंगण, मागे चिंचेखाली खुराडं, त्यात सहा-सात तपकिरी कोंबड्या. बाबांनी चपला काढल्या आणि तपासणी सुरू केली. फळ्यांमधल्या फटीत बोटं घालून बघितली, मुंगसाचं डोकं जाईल का म्हणून. खुराड्याची कडी वीसेक वेळा लावली-काढली. पाण्याचं भांडं उचलून वास घेतला. चुलीमागे जाऊन पिसं पडलीत का बघितलं. पिसं होती, पण तपकिरी. "ही कुणाची?" "कोंबडीची," शेवंताबाई म्हणाली. "कापली?" "झडली." बाबांचा विश्वास बसला नाही. मग प्रश्न सुरू झाले. घरात माणसं किती, पाहुणे कधी येतात, जत्रा कोणत्या महिन्यात, कुत्रं कुणाचं, भावकीत भांडण आहे का. मी जमिनीकडे बघत होते. शेवंताबाईने सुरुवातीला उत्तरं दिली, मग कमरेवर हात ठेवला. "अवो बाबा, कोंबडा देताय का लेक देताय?"

बाबांचा हात कडीवर तसाच राहिला. मग ताईचा आवाज आला, अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "लेक देताना एवढं नव्हतं विचारलं, मावशी."

शेवंताबाई एकदा ताईकडे आणि एकदा बाबांकडे बघून आत निघून गेली. मला त्या क्षणी ताईचा राग आला आणि तिचा अभिमानही वाटला, आणि बाबांची इतकी कीव आली की मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. बाबांनी पिशवीतून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काढली. तिच्यावर घरूनच सतरा आकडा ठोकून आणला होता. पांढरे कोंबडे सगळे सारखे दिसतात, उद्या हिने दुसराच दाखवला तर, म्हणून. ती त्यांनी गुलाबच्या पायाभोवती सैल वळवून पक्कडीने दाबली. पक्कडीशिवाय ती निघणार नव्हती. परतीच्या बसमध्ये एक कोरा हिरवा टॅग त्यांच्या हातात होता. तो त्यांनी भरला नाही, फेकलाही नाही.

पुढची दोन वर्षं बाबा दर महिन्याला न सांगता मांजरीला जायचे. कधी सकाळी, कधी भर दुपारी, वार बदलून, म्हणजे तिला तयारी करता येऊ नये. शेवंताबाई त्यांना बघितलं की न बोलता खुराडं उघडायची आणि आपल्या कामाला लागायची. बाबा गुलाबचा पाय उचलून आकडा वाचायचे आणि घरी येऊन सांगायचे, "आहे. पण वजन कमी वाटलं." किंवा, "आहे. पण ती आज जास्तच हसली." आई म्हणायची, "तिनं रडून दाखवाव का तुम्हाले?" कधीकधी ताई एकटीच जायची आणि येताना कोथिंबीर घेऊन यायची. घरात ती हळूहळू बोलायला लागली होती. पुढे तिला एका छोट्या कारखान्यात कॉम्प्युटरचे सर्किट बोर्ड तपासायचं काम मिळालं. भिंग लावून दिवसभर चुका शोधायच्या. पहिल्या दिवशी निघताना बाबांनी तिला फक्त एवढंच सांगितलं, "उजेड डाव्या बाजूने घे." सासरशी कागदोपत्री सुटका झाली त्या दिवशीही ते काही बोलले नाहीत. तिच्याशी ते उजेडाबद्दल, बसबद्दल, छत्रीबद्दल बोलायचे. मधली ती एक गोष्ट दोघांमध्ये पडून होती आणि दोघंही तिला वळसा घालून जायचे.

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी दारात शेवंताबाई उभी. भाजीची पाटी नाही, नवं लुगडं नेसलेली. ताई पाणी आणायला आत गेली. शेवंताबाई उंबऱ्याबाहेरच उभी राहून बाबांना म्हणाली, "पोराचं लगीन काढलंय. लग्नानंतर भावकीला रश्शाचं जेवान द्यायचंय, तर घरचे म्हंत्यात पांढरा कोंबडा कापू. म्या म्हनलं, शबूद दिलाय, आधी सांगून येते." लग्नघर सोडून, बस पकडून ती एवढंच सांगायला आली होती.

बाबांच्या हातात पेपर होता. त्यांनी तो घडी करून बाजूला ठेवला. दोन वर्षं ते हिच्या दारात संशय घेऊन जात होते आणि ही आज त्यांच्या दारात खरं सांगायला आली होती. त्यांचा चेहरा कसातरीच झाला. "आत या, बसा," ते म्हणाले. ती बसली. मग तिच्याकडेच बघत, पण तिला उद्देशून नाही, असं ते बोलले. "मी लेथ बघितली. मुलगा बघितलाच नाही. तीस वर्षं तपासायचं काम केलं, आणि जे तपासायला हवं होतं ते तपासलं नाही. माझं चुकलं."

शेवंताबाईला काही कळेना. "काय म्हंता?"

ताई पाण्याचा तांब्या घेऊन आतल्या दारात उभी होती. "मला म्हणतायत ते, मावशी," ती म्हणाली. मग तिने पुढे येऊन शेवंताबाईच्या हातात तांब्या दिला. "कोंबडा तुमचा आहे. तुम्ही ठरवा." बाबा उठले, खणातून पक्कड काढून आणली आणि शेवंताबाईच्या पुढ्यात ठेवली. "पायातली पट्टी काढून टाका. यापुढे मी बघायला येणार नाही." आई आत चहा टाकत होती.

लग्नानंतर आठवड्याने आम्हाला त्या जेवणाचं बोलावणं आलं. जाऊ नये असं मला फार वाटत होतं, पण ताईने साडी नेसली, म्हणून सगळे निघालो. अंगणात पंगत बसली. ताटात भाकरी, कांदा, भात आणि वाटीत लाल तर्रीचा रस्सा. आईच्या नाकपुड्या फुलल्या आणि तिने मान खाली घातली. बाबा वाटीकडे बघत बसून राहिले. मी भाताची शितं मोजल्यासारखी चिवडत होते. तेवढ्यात मागून चिंचेकडून बांग आली. ताठ चढली आणि शेवटी घोगरी होऊन मोडली.

आम्ही चौघांनी एकदम माना वळवल्या. खुराड्यावर पांढरा कोंबडा उभा होता. शेवंताबाई रश्शाचं भांडं घेऊन वाढत आमच्यापर्यंत आली. "पट्टी काढायला पाय धरला, तर त्यो हातावर डोकं ठिवून गप बसला. मग न्हाई धजला हात. बाजारातनं दुसरे आनले. तुमचाच हाय त्यो."

बाबा अर्धे उठले होते. त्यांची नजर कोंबड्याच्या पायांकडे गेली. पाय मोकळे होते. सतरा नंबर नव्हता, काढायला त्यांनीच सांगितलं होतं, आणि पांढरे कोंबडे सगळे सारखेच दिसतात.

"कशावरून?" त्यांनी विचारलं. सवयीनेच.

"मी सांगते म्हणून, बाबा," ताई म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग ते खाली बसले, वाटी पुढे ओढली आणि भाकरी मोडली.